मोजताना बोलायचं न्हाई

वरवंडला हायवेच्या सर्व्हिस रोडवर एका पत्र्याच्या शेडमध्ये हल्ली पंक्चरवाला बसतो. धंदा त्याचा, पत्रा मात्र जुना. आणि पत्र्यावरची 'येथे मोटार रिवाइंडिंग करून मिळेल' ही अक्षरं त्यानं अजून पुसलेली नाहीत. तिथून जाताना मी गाडी हळू करतो. हवा तपासायचं निमित्त काढतो. एकदा त्यानं चांगल्या चाकांत इतकी हवा ठासून दिली की चौफुल्यापर्यंत मी टणाटण उडत गेलो. पण त्या पत्र्याखाली थांबायला काहीतरी कारण लागतंच ना. तिथं गेनूमामा बसायचे, आणि मोजायचे.

विहिरीवरची मोटार जळाली की तिच्या पोटातली काळी पडलेली तार काढून तांब्याची नवी भरावी लागते. वेढे मोजून घालायचे. दोन कमी पडले तर मोटार तापते, दोन जास्त झाले तर तिला पाणी ओढवत नाही. मामा डाव्या हातानं तार धरत, उजव्या हातानं लाकडी यंत्राचा दांडा फिरवत, आणि आख्ख्या सर्व्हिस रोडला ऐकू जाईल असं मोजत. मोजणी चालू असली की मामा कुणाचे नसत. सरपंच येऊन उभे राहिले तरी एक बोट वर व्हायचं: थांबा. सरपंच थांबायचे. एकदा दुकानासमोरच उसाची ट्रॉली उलटली. गाव धावलं. मामांनी एकशे बेचाळीसला मान वर केली, एकशे त्रेचाळीसला खाली घातली, दोनशे दहाला गुंडाळी दोऱ्यानं बांधली, आणि मग जे उठले ते मोळ्या उचलायला सगळ्यांच्या पुढे.

अंगात खाकी शर्ट, चष्म्याची एक काडी मूळची आणि दुसरी तांब्याच्या तारेची, गळ्यात टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प म्हणजे एक होल्डर, त्यात बल्ब आणि दोन लोंबत्या वायरी. मामा तो उपरण्यासारखा गळ्यात टाकून लग्नालासुद्धा जात. विजेला ते 'बाई' म्हणत, आणि तेही मान देऊन. लाईट आली की "बाई आल्या", गेली की "बाई गेल्या". कुणाला शॉक बसला की "बाई बोलल्या का रं तुला?" स्वतः मामांना बाई आयुष्यात चार वेळा बोलल्या होत्या. चारही वेळा चूक आपलीच होती, असं ते अभिमानानं सांगत.

आणि सेलचा त्यांना मनापासून तिटकारा. चौकोनी सेल कुणी आणला तर ते तो सरळ जिभेला लावत आणि निकाल देत, "अळणी झालाय. टाकून दे." सेल म्हणजे डब्यातलं जेवण, असं त्यांचं मत. "डबा कितीबी भरला तरी संपतोच. लायन म्हंजी चूल. पेटती हाय तवर भाकर हाय."

हे मत माझ्या पोटावर पाय देणारं होतं, कारण मी डबेवाला होतो.

मी शिरूरचा. एमआयडीसीतल्या एका कंपनीत बारा वर्षं स्टोअर सांभाळलं. नट, बोल्ट, बेअरिंग मोजून दिले. एवढ्यावर मला वाटायला लागलं की आपल्याला इलेक्ट्रॉनिक्स कळतं. का वाटलं, ते अजून कळलेलं नाही. नोकरी सोडून मी स्मार्ट घराचं दुकान टाकलं. दार उघडलं की मोबाईलवर निरोप, अंगणात काही हललं की घरात घंटा. छोटे पांढरे सेन्सर, दोन-दोन सेलवर चालणारे, भिंतीला चिकटवले की झालं. वायर नको, वायरमन नको. खोक्यावर छापलं होतं: सेल दोन वर्षं टिकतात. ते छापणाऱ्याच्या घरी कोंबड्या नसाव्यात.

हौसाक्कांच्या घरी अकरा होत्या. शिवाय चार शेळ्या आणि एक बोका. कवठे येमाईच्या बाहेर तीन बाजूंनी ऊस आणि मधे आक्कांचं दोन खोल्यांचं घर. वय सत्तरच्या पुढं, राहायला एकट्या. उसात बिबट्याचा वावर. आमच्याकडं तो आता पाहुणा राहिलेला नाही, सातबाऱ्यावर नाव लागायचंच काय ते बाकी आहे. आक्कांचा मुलगा संदीप पुण्यात नोकरीला. त्यानं माझ्याकडून दोन सेन्सर घेतले आणि शेळ्यांच्या छपराला लावायला सांगितले. छपराजवळ काही हललं की घरातली चार्जिंगवरची घंटा टिंगटाँग वाजणार, आक्का दार लावून घेणार. झकास योजना.

पण सेन्सर बिचारा प्रामाणिक. प्रत्येक कोंबडी तो बिबट्याच्या गांभीर्यानं बघायचा. आक्का दिवसभर घंटा बंद ठेवायच्या आणि दिवस कलला की चालू करायच्या, पण सेन्सरला बिचाऱ्याला ते कुठं माहीत? तो आपला बघतोय. दोन वर्षांचे सेल तीन आठवड्यांत संपले. मी गेलो, बदलले. पुन्हा तीन आठवडे. मधे एकदा आक्कांनी टीव्हीच्या रिमोटचे सेल काढून त्यात घातले आणि मला फोन केला, "आरं, बिबट्याचं यंत्र चाललंय, पन आता टीव्ही बंद पडलाय. बिबट्या बगू का मालिका बगू?"

तिसऱ्यांदा सेल संपले तेव्हा संदीपनं मला आणि आईला एकदमच सांगून टाकलं. यंत्र पुन्हा एकदा जरी बंद पडलं, तर आई पुण्याला. सातव्या मजल्यावर. शेळ्या विकायच्या. विषय संपला.

"सातव्या मजल्यावर मी काय करू?" आक्का मला म्हणाल्या. "लिफ्टमधी बसून वर-खाली करू?" मग चुलीतली राख ओढत, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ह्या घरात लगीन हून आले मी. तू यंत्र नीट कर बाबा. आन् तुला जमत नसंल तर वरवंडला माझा धाकटा भाऊ हाय, गेनू. त्येला इचार. लायटीचा डाक्टर हाय त्यो."

अशी माझी वरवंडला रवानगी झाली.

मी पोचलो तेव्हा मामांची मोजणी चालू होती. मी "नमस्कार मामा" म्हणालो. बोट वर. मी बाकावर बसलो. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला, त्याला दुसऱ्या कुणाचा तरी नंबर हवा होता. मी तो मोठ्यानं, सावकाश, दोन-दोन आकडे तोडून सांगितला. "अठ्ठ्याण्णव... बावीस... सत्तेचाळीस..." इकडून मामा, "एकशे एकाहत्तर... एकशे बाहत्तर... एकशे सत्तेचाळीस..."

यंत्र थांबलं. मी फोन ठेवला. 

 मामांनी ती सगळी तार उलटी सोडवली. मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. छातीवर कंपनीचं जुनं नाव असलेला टी-शर्ट मी अजून घालत होतो.

"कंपनी," मामा म्हणाले, "हे रीळ धरा. आन् तोंड मिटा."

दोनशे दहा वेढे मी रीळ धरून उभा होतो. त्या दिवसापासून माझं नाव 'कंपनी' पडलं, ते शेवटपर्यंत.

गुंडाळी बांधून झाल्यावर त्यांनी मी आणलेल्या दोन सेन्सरांतला एक हातात घेतला, झाकण उघडलं, आत बघितलं. "ह्यो डोळा डब्यावर जगतो व्हय? आन् माझी भन त्येच्या भरवशावर? लायनीवर घ्या ह्येला."

आपल्याला हे सुचलं कसं नाही, याची मला लाज वाटली. ती लपवायला मी घाईनं म्हणालो, "सोपंय मामा. मोबाईलचा चार्जर तोडायचा, वायर जोडायची." आणि मामा चहा सांगायला उठले तेवढ्यात मी ते करूनही टाकलं. चार्जरचे पाच व्होल्ट. दोन सेलचे होतात तीन. बारा वर्षं बोल्ट मोजलेल्या माणसाला ही वजाबाकी जमली नाही. सेन्सरनं एक बारीक निळसर उसासा सोडला आणि डोळा मिटला.

मामा चहा घेऊन आले, वास घेतला आणि म्हणाले, "बाई आल्या, पन उंबरा न वलांडता आल्या."

मग त्यांनी एका डबीतून बारीक काळे मणी काढले. एका बाजूनं वीज जाऊ देणारे डायोड. आपण त्यांना डायोड म्हणतो, मामा उंबरे म्हणत. "प्रत्येक उंबऱ्याला बाई थोडं काहीतरी ठेवून म्होरं जात्यात. पाच घिऊन निघाल्या. हा एक उंबरा, हा दोन, हा तीन. घरात पाय टाकला तवा हातात उरलं किती?" टेस्ट लॅम्पला एवढा कमी व्होल्ट कळत नाही, म्हणून त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं मीटर नाइलाजानं काढलं. काटा तीनच्या थोडा पुढं. "बास. येवढं पचतंय."

आता प्रश्न वायर सेन्सरच्या आत पोचवायची कशी. मामांनी घरातून लाटणं मागवलं, त्याचा दांडा कापला, दोन्ही सेन्सरांसाठी सेलच्या मापाचे चार तुकडे केले, टोकांना पितळी स्क्रू बसवले, स्क्रूला वायरी. ते लाकडी सेल दुसऱ्या, शाबूत सेन्सरमध्ये खऱ्या सेलच्या जागी टच्चकन बसले. सेन्सरला वाटलं, आपण अजून डबाच खातोय. आतून मामी ओरडल्या, "आन् पोळ्या कशानं लाटू? मीटरनं?"

मी ते सगळं पिशवीत घेतलं. निघताना मामांनी एकच गोष्ट सांगितली. "लायनीला जोडायच्या आधी मला फोन करा. कुठल्या लायनीला जोडताय ते सांगा, मग जोडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी आक्कांच्या अंगणात शिडीवर होतो. मेलेल्याच्या जागी नवा सेन्सर माझ्याकडूनच. दोन्ही सेन्सर, लाकडी सेल, उंबरे, सगळं तयार. घरातला प्लग अंगणापलीकडं. पण छपराला लागूनच, हाताच्या अंतरावर, विहिरीच्या मोटारीचा बोर्ड. त्यात लाईट चालू, मोटार धो धो पाणी फेकतेय. मी मामांना फोन केला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा केला. पुन्हा तेच. मोजत असणार. मी वाट बघितली. किती? तर एका कोंबडीनं अंगण ओलांडलं, तेवढा वेळ. मग म्हटलं, लाईन ती लाईन. बारा मीटर वायर वाचली. जोडून टाकलं.

टिंगटाँग! झक्क वाजलं. आक्कांनी मला खरवस दिला. मी छपराबरोबर स्वतःचा फोटो काढला आणि दुकानाच्या ग्रुपवर टाकला: आता सेल बदलणे विसरा.

लोकांनी अंगठे पाठवले. त्यांतले निम्मे शेतकरी होते, आणि एकालाही वाटलं नाही की हा इतका गाढव असेल.

कारण आमच्या भागात शेतीची लाईन चोवीस तास नसते, हे दुधपित्या पोरालाही ठाऊक असतं. आठ तास मिळते. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. घराची लाईन वेगळी, मोटारीची वेगळी. माझ्या वडिलांचं आख्खं आयुष्य "आज कुठली पाळी?" या प्रश्नात गेलं. मी ते ऐकत वाढलो. पण त्या दिवशी डोक्यात फक्त वाचलेली बारा मीटर वायर होती.

सोमवारी पाळी बदलली. दिवसा मोटार चाललीच नाही, आणि तोवर फक्त रात्री मिटणारे छपरावरचे दोन्ही डोळे आता तिन्हीसांजेलाही मिटलेले.

बुधवारी दिवस मावळताना आक्का अंगणात भांडी घासत होत्या. घंटा चालू केलेली. शेळ्या एकदम गप्प झाल्या. आक्कांनी घंटेकडं कान दिला. घंटा गप्प, म्हणजे काही नाही, असं समजून त्यांनी उरलेली दोन ताटं घासली, विसळली आणि आत गेल्या. सकाळी छपराच्या आणि भांड्यांच्या जागेच्या मधल्या चिखलात पंजे उमटलेले. आक्का बसल्या होत्या तिथून चार हातांवर. शेळ्या वाचल्या त्या छपराच्या जाळीमुळं.

आक्कांनी फोन केला तो आधी मला. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुझं यंत्र काय बोललं न्हाई रं." मला ते अजून ऐकू येतं.

शेजाऱ्यांनी पंजांचा फोटो संदीपला पाठवला. रविवारी तो गाडी घेऊन हजर. मी पोचलो तेव्हा डिकी उघडी होती आणि तिच्यात आक्कांचं गाठोडं, पितळी तांब्या आणि गोधडी आधीच ठेवलेली. शेळ्या बघायला एक व्यापारी दुपारी येणार होता. आक्का उंबऱ्यावर बसून होत्या, नवी साडी नेसून, जणू दुसऱ्याच कुणाच्या तरी गावाला निघाल्यात.

मी येताना वाटेत बचाव तयार केला होता. त्यात वाऱ्याचा दोष होता, दमट हवेचा होता, वनखात्याचाही थोडा होता. पण माझं तोंड उघडायच्या आत रस्त्यावर एसटी थांबली आणि गेनूमामा उतरले. गळ्यात टेस्ट लॅम्प, काखेत पिशवी. ते कुणालाही न बघता सरळ मोटारीच्या बोर्डापाशी गेले, वायरीवरून बोट फिरवत सेन्सरपर्यंत आले आणि उभे राहिले.

संदीप माझ्याकडं वळला. "हे कुणी जोडलं?"

"चूक त्येची न्हाई," मामा म्हणाले. "त्यानं मला फोन केला हुता. दोनदा. मी मोजत हुतो."

मी बचाव गिळला. 

आक्का उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "मग बरोबरच हाय. मोजताना बोलायचं न्हाई." आणि मला सांगायला लागल्या, "मीच शिकवलंय त्येला. शेवंतीच्या वेण्या करायचे मी, फुलं मोजून. ह्यो म्होरं बसून बडबड करायचा. आकडा चुकला की एक धपाटा. शाळंत जायाच्या आधी शंभरापातूर यायचं ह्येला."

"धपाटे शंभराच्या वर हुते," मामा म्हणाले आणि पिशवी उघडली.

"मामा, आता राहू द्या," संदीप म्हणाला. "घराच्या लाईनला जोडाल. उद्या घराची लाईट गेली की? परत तेच."

हा प्रश्न बरोबर होता. लाईन म्हणजे चूल म्हणणारा माणूस, चूल विझल्यावर काय करणार?

मामांनी पिशवीत हात घातला आणि एक साबणाची डबी काढली. तिच्यात दोन नवेकोरे सेल होते. मी डोळे चोळले. त्यांनी स्वतः विकत आणलेले. जिभेला लावलेले नव्हते बहुतेक.

"लेकराबरूबर एक डबा द्यावाच लागतो," ते कुणाकडंही न बघता पुटपुटले.

मग रिले काढला, जुन्या स्टार्टरमधला, म्हणजे लाईट आली-गेली की आपोआप पलटणारा स्विच. घराची लाईट असेल तोवर तो ओढलेला राहणार आणि डोळा लाईनवर. लाईट गेली की तो सुटणार, टक्, आणि डोळा डबीतल्या सेलवर. लाईट आली की पुन्हा लाईनवर. दिवसातून तासभर कुठं सेल वापरले जाणार, मग ते खरोखर खोक्यावर लिहिल्याइतके टिकतील. बारा मीटर वायर मीच ओढली, आणि यावेळी एकही मीटर वाचवला नाही.

"आता बिबट्या पायजे," मामा म्हणाले. सगळ्यांची नजर माझ्यावर आली. "कंपनी, चार पायांवर या."

भर दुपारी मी अंगावर घोंगडी घेऊन उसाच्या बांधावरून रांगत निघालो. पाहायला शेजारची तीन घरं आली होती. शेळ्यांचा व्यापारीही नेमका तेव्हाच पोचला आणि मोटारसायकलवरून उतरलाच नाही. संदीपनं घराचा मेन स्विच पाडला. छपराजवळ मला आधी आक्कांची थोरली शेळी भेटली. तिनं शिंगांनी जे काय करायचं ते केलं. मी ओरडलो. आणि माझ्या ओरडण्याच्या वर, लाईट नसलेल्या घरातून, टिंगटाँग, टिंगटाँग. पाठोपाठ आक्का खराटा घेऊन धावत आल्या आणि घंटा वाजल्यावर बिबट्याचं काय करायचं ते सगळ्यांना करून दाखवलं.

संदीप हसता हसता खाली बसला. मग उठला, बराच वेळ त्या पंजांच्या जागेकडं बघत राहिला. नंतर गाडीकडं गेला आणि डिकीतून आधी गोधडी काढली, मग तांब्या, मग गाठोडं. एकेक करून स्वतः आत नेऊन ठेवलं. आक्कांनी पदराला हात पुसले आणि व्यापाऱ्याला विचारलं, "च्या घेनार का? शेरडं न्हाईत द्यायची."

परतताना मामांना मी माझ्या गाडीतून वरवंडला सोडलं.  न्हावरं आलं तसा त्यांनी खिशातून मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. "कंपनी, आक्कीचा फोन आला तर येगळं वाजाया पायजे. जमंल? का धूर निघंल?"

जमलं. आक्कांच्या नंबराला मी सेन्सरचीच घंटा लावून दिली.

त्यानंतर मी वरवंडला गेलो तो काही महिन्यांनी, उंबरे आणायला. माझं सगळं दुकान तोवर लायनीवर आलं होतं. मामा वाळले होते, चष्म्याची दुसरी काडीही आता तारेची. मोजणी चालू. मी मोबाईल बंद करून बाकावर बसलो. शहाणा झालो होतो. "एकशे पंच्याऐंशी... एकशे शहाऐंशी... एकशे सत्त्याऐंशी..."

टिंगटाँग.

मामांच्या हातातून दांडा सुटला. यंत्र उलटं फिरलं, तार भसाभस सैल होऊन मांडीवर सांडली. त्यांनी तिच्याकडं बघितलंही नाही. "बोल आक्के," ते म्हणाले. "काय झालं?... व्हय... व्हय... न्हाई, मेथी. तू काय केलंस?... बरं. ठेव."

फोन खिशात गेला. मामांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघत होतो. त्यांनी मांडीवरची सगळी तार हळूहळू सोडवली, सरळ केली, टोक यंत्राला अडकवलं.

"कंपनी, रीळ धरा," ते म्हणाले. मी धरलं.

"एक," मामा म्हणाले. "दोन. तीन..."